बंद पडत जाणारा स्टेंट आणि किरणांचा उपचार : इस्पितळाच्या बाकावर विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात हृदयरोग विभागात परिचारिका आहे. वीस वर्षे झाली. कॅथलॅब म्हणजे अँजिओप्लास्टी करतात ती खोली. तिच्या दारासमोरच्या बाकावर बसलेली माणसे आत जाणाऱ्या डॉक्टरांना जे विचारायला कचरतात, ते बाहेर येणाऱ्या सिस्टरला विचारतात. "सिस्टर, एकदा घातलेली स्प्रिंग परत कशी बंद पडते?" हा त्यातला नेहमीचा प्रश्न. स्प्रिंग म्हणजे स्टेंट, धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळी. त्याच्या पाठोपाठ हल्ली दुसराही येतो, कारण कुणीतरी मोबाइलवर वाचलेले असते : "शिरेच्या आत किरण देतात म्हणे, ते आमच्या बाबांना चालेल का?" उत्तर दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

अँजिओप्लास्टी होऊन सहा महिनेही झाले नाहीत, तोवर तीच जागा पुन्हा अरुंद कशी झाली?

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रियास ग्रुन्ट्झिग यांनी जाग्या माणसाच्या हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला आणि छाती न उघडता रस्ता मोकळा केला. हीच अँजिओप्लास्टी. ती गोष्ट फार मोठी होती. पण फुगा फुगवतो म्हणजे आपण नेमके काय करतो? धमनीच्या भिंतीवरचा थर दाबतो, फाडतो, भिंत ताणतो. साध्या शब्दांत, आतून जखम करतो. आणि जखम झाली की शरीर ती भरायला घेते. गुडघा फुटला की खपली धरते, मग खालून नवे मांस येते, तसेच आत होते.

अडचण जागेची आहे. गुडघ्यावर चार मिलिमीटर जादा मांस आले तर व्रण उठून दिसतो, एवढेच. हृदयाच्या धमनीची पोकळीच मुळात तीन मिलिमीटरच्या आसपास. तिथे भिंतीवर एक-एक मिलिमीटर थर चढला की रक्ताला वाट उरते ती दोऱ्याएवढी.

नुसता फुगा वापरत तेव्हा तीन गोष्टी घडत. ताणलेली भिंत रबरासारखी परत आखडायची. पुढच्या काही आठवड्यांत सगळी धमनीच त्या जागी आक्रसायची. आणि भिंतीच्या मधल्या थरातल्या स्नायुपेशी जाग्या होऊन आतल्या बाजूला सरकायच्या आणि वाढायच्या. शंभरातल्या तीस-चाळीस रुग्णांची धमनी सहा महिन्यांत पुन्हा अरुंद होत असे. १९८६ मध्ये फ्रान्समध्ये जाक पुएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिक सिगवार्ट यांनी धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, माणसाच्या धमनीत बसवली. जाळी भिंतीला टेकू देते, त्यामुळे पहिल्या दोन गोष्टी थांबल्या. तिसरी मात्र उलट वाढली, कारण धातूची तार भिंतीत रुतून बसते आणि पेशींना सतत डिवचत राहते. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये शंभरातल्या वीस ते तीस जणांना हा त्रास व्हायचा. मधुमेही माणसाला, बारीक धमनीत किंवा लांबलचक स्टेंट घातलेल्याला त्याहून अधिक.

माझ्या भावोजींचा स्टेंट असाच पाच महिन्यांत बंद पडला. ते बसचालक, मधुमेह जुना. ज्या इस्पितळात तो बसवला तिथे कुणीही त्यांना आधी सांगितले नव्हते की असे होऊ शकते. ताई तर म्हणाली, "आम्ही तेलकट खाल्लं म्हणून झालं." तिने स्वतःला दोष दिला तो आजही मला सलतो. चूक तिच्या कढईची नव्हती.

म्हणजे स्टेंटमध्ये चरबी साचत नाही?

पहिल्या वर्षात जे साचते ते मुख्यतः जखम भरणारे मांस. पुढे काही वर्षांनी त्या नव्या थरातही चरबी जमू शकते, म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी चालू ठेवायची असते. पण सहाव्या महिन्यात बंद पडलेल्या स्टेंटचे खापर भज्यांवर फोडू नका.

किरण तर कॅन्सरसाठी असतात. त्यांचा इथे काय संबंध?

माझ्या मावशीच्या उजव्या कानाच्या पाळीवर कान टोचल्यानंतर गाठ आली होती. सुपारीएवढी, गुळगुळीत, गुलाबी. कापून काढली, पुन्हा आली, पहिल्यापेक्षा मोठी. तिसऱ्यांदा कापल्यावर लगेच, चोवीस तासांच्या आत, त्या जागी किरणांचा छोटा डोस दिला. गाठ परत आली नाही. तिला कॅन्सर नव्हता. तिच्या कातडीला जखम भरताना कुठे थांबायचे हे कळत नव्हते, एवढेच.

धमनीतला किरणोपचार याच तत्त्वावर चालतो. वाढणारी पेशी विभागण्यापूर्वी आपल्या डीएनएची प्रत काढते. किरण त्या डीएनएच्या दोन्ही धाग्यांना तडा देतात. पेशी लगेच मरत नाही, पण विभागायला गेली की तिथे अडखळते आणि संपते. जी पेशी शांत बसलेली आहे तिला त्या मानाने कमी इजा होते. फुगा फुगवल्यानंतर पुढच्या काही दिवसांत स्नायुपेशी विभागायला लागतात. म्हणून किरण त्याच वेळी, त्याच टेबलवर द्यायचे, ती फौज तयार होण्याआधी. धमनीच्या बाहेरच्या आवरणातल्या पेशीही भिंत आक्रसण्यात हातभार लावतात, त्यांच्यापर्यंतही किरण पोचावे लागतात.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढची सगळी उत्तरे तिच्यावर उभी आहेत. किरण जखम भरू देत नाहीत. तोच त्यांचा गुण आणि तोच त्यांचा धोका.

ही कल्पना कुठून आली?

सशांवर इरिडियम या किरणोत्सारी धातूचे प्रयोग १९६० च्या दशकातच झाले होते, पण तेव्हा फुग्याची अँजिओप्लास्टीच नव्हती. माणसाच्या धमनीत पहिल्यांदा हा उपचार १९९० मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टला डिटर लीअरमन यांच्या गटाने केला, तोही मांडीच्या धमनीत. हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा केला तो व्हेनेझुएलाची राजधानी काराकासमध्ये होसे कोंदादो यांनी, १९९४-९५ मध्ये, २१ रुग्णांवर. दरम्यान अमेरिकेत रॉन वॅक्समन आणि इतरांनी डुकरांच्या धमन्यांवर दाखवून दिले की योग्य डोस दिला तर नवे मांस खरोखरच कमी वाढते. डुकराचे हृदय आणि धमन्या माणसाच्या फार जवळच्या, म्हणून हे प्रयोग त्यांच्यावर.

खरा भरवसा आला तो १९९७ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे पॉल टीअरस्टीन यांनी ५५ रुग्ण घेतले. निम्म्यांच्या धमनीत इरिडियमची फीत काही मिनिटे ठेवली, बाकीच्यांच्या धमनीत तशीच दिसणारी रिकामी फीत. कुणाला कोणती, हे रुग्णाला माहीत नव्हते. सहा महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफी केली तेव्हा रिकाम्या फितीच्या गटात ५४ टक्के धमन्या अरुंद झालेल्या, किरणांच्या गटात १७ टक्के. इतका फरक क्वचितच दिसतो. नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा दोन उपकरणांना मान्यता दिली, एक इरिडियमचे आणि एक स्ट्रॉन्शियमचे. मान्यता होती ती बंद पडलेल्या स्टेंटसाठी, पहिल्याच अँजिओप्लास्टीसाठी नव्हे.

टेबलवर प्रत्यक्षात काय करतात?

सुरुवात नेहमीच्या अँजिओप्लास्टीसारखीच. मनगटातून किंवा जांघेतून नळी, त्यातून केसासारखी तार, तारेवरून फुगा. स्टेंटमध्ये वाढलेले मांस फुग्याने दाबून जागा मोकळी करायची. काही वेळा धारदार पात्यांचा फुगा किंवा लेसरही वापरतात. जागा पूर्ण उघडली आहे याची खात्री झाली की किरणांची पाळी.

यासाठी खोलीत तीन वेगवेगळे तज्ज्ञ लागतात : हृदयरोगतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ आणि वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ. धमनी किती रुंद आहे ते मोजतात. त्यावरून डोस ठरतो आणि डोसवरून वेळ ठरतो, सेकंदात. स्ट्रॉन्शियमच्या उपकरणात मध्यम रुंदीच्या धमनीला १८.४ ग्रे आणि त्याहून रुंद धमनीला २३ ग्रे असा डोस वापरला गेला. ग्रे हे किरणांचा डोस मोजण्याचे एकक. डोस मोजतात किरणस्रोताच्या मध्यापासून दोन मिलिमीटर अंतरावर. स्तनाच्या कॅन्सरला जुन्या पद्धतीने सुमारे ५० ग्रे देत, पण ते २५ दिवसांत वाटून, रोज दोन ग्रे. इथे सगळे एकाच बैठकीत, पण अगदी चिमूटभर जागेवर.

मग येते ते छोटे उपकरण. हातात मावेल एवढे. त्याच्या पोटात स्ट्रॉन्शियमच्या बारीक गोळ्यांची माळ असते, तीस, चाळीस किंवा साठ मिलिमीटर लांबीची. त्याला जोडलेली बंद टोकाची नळी आधीच धमनीत नेऊन ठेवलेली असते. पिचकारीतून निर्जंतुक पाण्याचा दाब दिला की माळ नळीतून सरसर पुढे जाते आणि पडद्यावर तिच्या दोन टोकांच्या खुणा नेमक्या जागी येऊन थांबतात. घड्याळ सुरू. तीन ते पाच मिनिटे, कधी थोडी जास्त. माळेने जखम झालेला सगळा भाग झाकायला हवा, आणि दोन्ही टोकांना थोडा पुढेही. वेळ संपली की उलट दिशेने पाणी, माळ परत उपकरणात. शेजारी जाड ॲक्रिलिकचा एक डबा झाकण उघडे ठेवून तयार असतो. माळ काही कारणाने परत आली नाही तर नळी अख्खी ओढून त्या डब्यात टाकायची. शेवटी किरण मोजणारे यंत्र रुग्णाच्या छातीवरून फिरवतात आणि आकडा लिहून ठेवतात.

रुग्णाला या सगळ्यात काय जाणवते? त्या चार-पाच मिनिटांत नळीमुळे रक्त कमी पोचते, म्हणून छातीत थोडे दाटल्यासारखे होऊ शकते. किरण स्वतः जाणवत नाहीत.

बीटा आणि गॅमा म्हणजे काय? कोणते चांगले?

इरिडियम-१९२ गॅमा किरण देते. ते दूरवर जातात, म्हणून मोठ्या धमनीतही भिंतीच्या बाहेरच्या थरापर्यंत पोचतात. पण ते डॉक्टर-नर्सपर्यंतही पोचतात, त्यामुळे शिशाचे जाड आडोसे लागतात, पंधरा-वीस मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ लागतो आणि तेवढा वेळ बाकीच्यांना खोलीबाहेर जावे लागते. टेबलवरच्या रुग्णाला एकटे सोडून सगळे बाहेर पडतात ही गोष्ट परिचारिका म्हणून मला कधीच रुचली नसती.

स्ट्रॉन्शियम-९० आणि फॉस्फरस-३२ बीटा किरण देतात. ते काही मिलिमीटर पुढे जाऊन शरीरातच विरतात. ॲक्रिलिकचा आडोसा पुरतो, माणसे रुग्णाजवळ थांबू शकतात, वेळ कमी लागतो. स्ट्रॉन्शियमचे अर्धायुष्य, म्हणजे किरणांचा जोर निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे २९ वर्षे, त्यामुळे तीच माळ बराच काळ वापरता येते. इरिडियमचे ७४ दिवस आणि फॉस्फरसचे १४ दिवस, म्हणजे ते वारंवार बदलावे लागतात. शेवटी टिकून राहिले ते स्ट्रॉन्शियमचे उपकरण.

घरी आल्यावर नातवाला मांडीवर घेतले तर चालेल का?

चालेल, त्याच दिवशी. किरणस्रोत बंद नळीतून आत जातो आणि तसाच बाहेर येतो. रक्ताला त्याचा स्पर्शही होत नाही. अंगात काहीही उरत नाही. वेगळे ताट, वेगळी खोली, असले काही करू नका.

पण किरणांनी कॅन्सर होत नाही का? आणि छातीला किरण दिलेल्यांच्या रक्तवाहिन्या खराब होतात असेही ऐकले.

दुसरी गोष्ट खरी आहे. २०१३ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयाला सरासरी एक ग्रे जादा किरण मिळाले की पुढच्या वर्षांत हृदयविकाराचा धोका सुमारे ७.४ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात दिसले. म्हणजे किरण धमनीला निर्दोष सोडत नाहीत. माळ वापरताना मात्र अख्ख्या हृदयाला किरण मिळत नाहीत, धमनीच्या तीन ते सहा सेंटिमीटर लांबीच्या एकाच तुकड्याला मिळतात. कॅन्सरचा धोकाही जागा जितकी लहान तितका कमी. या उपचाराला पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि ज्याने डॉक्टरांची झोप उडवली तो धोका कॅन्सरचा नव्हता. तो होता रक्ताच्या गुठळीचा. गरोदर स्त्रीला मात्र हा उपचार देत नाहीत, आणि आधी छातीला किरण घेतलेल्याने ते आवर्जून सांगायला हवे.

एवढा चांगला निकाल होता, तर हा उपचार मागे का पडला?

तीन कारणे, आणि पहिली दोन समजून घेण्यासारखी आहेत.

माळेच्या मधल्या भागात किरण पुरेसे, पण टोकांना कमी. आता फुगा जर टोकापलीकडेही फुगला असेल, तर तिथे जखम आहे आणि किरण अपुरे आहेत. अपुऱ्या किरणांनी पेशी थांबत नाहीत, उलट चेकाळतात. मग स्टेंट मधोमध स्वच्छ मोकळा आणि दोन्ही टोकांना आवळलेला. अँजिओग्राफीत ती धमनी कागदात गुंडाळून दोन्हीकडे पीळ दिलेल्या चॉकलेटसारखी दिसते. हाताचे काम जरा चुकले की हे व्हायचे, म्हणून माळ लांब घ्यायला शिकले.

दुसरे कारण गंभीर. स्टेंटच्या तारांवर काही आठवड्यांत पेशींचा पातळ गुळगुळीत थर चढतो आणि त्या रक्तापासून झाकल्या जातात. तो चढणे गरजेचे असते. किरणांनी नको असलेले मांस थांबते, तसाच हा हवा असलेला थरही रखडतो. तार उघडी राहिली की रक्तातल्या चपट्या पेशी तिला चिकटतात आणि गुठळी होते. मांस वाढून होणारा अडथळा हळूहळू येतो, माणसाला डॉक्टरकडे जायला वेळ देतो. गुठळी वेळ देत नाही. गॅमा किरणांच्या २५२ रुग्णांच्या चाचणीत उशिरा होणारी गुठळी किरणांच्या गटात ५.३ टक्के आणि दुसऱ्या गटात ०.८ टक्के दिसली. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या तेव्हा एक-दोन महिनेच देत. पुढे त्या किमान वर्षभर द्यायला लागले आणि किरण देताना शक्यतो नवा स्टेंट घालायचा नाही असे ठरले. गुठळ्या कमी झाल्या.

तिसरे कारण औषधी स्टेंट. तारेवरच औषधाचा लेप, जो हळूहळू पाझरून पेशींची वाढ रोखतो. साओ पाउलोमध्ये डिसेंबर १९९९ मध्ये पहिले रुग्ण झाले, अमेरिकेत एप्रिल २००३ मध्ये पहिल्या औषधी स्टेंटला मान्यता मिळाली. त्याला ना भौतिकशास्त्रज्ञ लागत, ना किरणांचा परवाना. २००६ मध्ये ३८४ रुग्णांच्या चाचणीत साधा स्टेंट बंद पडलेल्यांना औषधी स्टेंट आणि किरण यांची समोरासमोर तुलना झाली. नऊ महिन्यांत उपचार फसण्याचे प्रमाण किरणांच्या गटात २१.६ टक्के आणि औषधी स्टेंटच्या गटात १२.४ टक्के. उपकरणे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या एकेक करून बाहेर पडल्या.

भावोजींचा स्टेंट दुसऱ्यांदा बंद पडला तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी किरणांचा विषय काढला होता. कुठे जायचे, किती दिवस राहायचे याची चौकशी चालू असतानाच औषधी स्टेंट हाती आला आणि तो बसवला. तो अजून चालू आहे.

स्टेंटच किरणोत्सारी बनवला तर?

करून पाहिले. फॉस्फरस-३२ भिनवलेले स्टेंट १९९० च्या दशकाच्या अखेरीस वापरले. मधला भाग साफ राहिला, टोके आवळली. सोडून दिले.

मग आज हा उपचार कुणासाठी उरला आहे?

औषधी स्टेंटही बंद पडतात, पूर्वीपेक्षा बरेच कमी, पण पडतात. मग आत दुसरा घालतात. तोही पडला तर तिसरा? एकात एक घातलेल्या बांगड्यांसारखे धातूचे थर होत जातात आणि मधली पोकळी दर वेळी घटत जाते. अशा, दोन-तीन थर झालेल्या आणि बायपास करता न येणाऱ्या रुग्णांसाठी किरणांची पुन्हा आठवण झाली, कारण किरण मागे काहीच ठेवून जात नाहीत. अमेरिकेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत वारंवार बंद पडणाऱ्या स्टेंटसाठी याचा विचार करता येईल असे म्हटले आहे, म्हणजे मुभा आहे, आग्रह नाही. हा उपचार चालतो तोही मोजक्याच केंद्रांत. काही रुग्णांत दोन-चार वर्षांनी फायदा ओसरतो, हेही आधी सांगायला हवे.

आणि माझे ठाम मत असे की किरणांचा विषय निघण्याआधी स्टेंट का बंद पडला याचा तपास झाला पाहिजे. कित्येकदा दोष मांसाचा नसतोच. पहिल्या दिवशी स्टेंट पुरता फुललेला नसतो, मागे चुन्याचा कडक थर असतो. धमनीच्या आतून ध्वनिलहरींनी किंवा प्रकाशाने चित्र घेणारी तार असते, तिने हे स्पष्ट दिसते. अर्धवट फुललेल्या स्टेंटला किरण देऊन काय उपयोग?

गोव्यातल्या रुग्णाने काय करावे?

आपल्याकडे स्टेंट बंद पडला तर पहिले दोन उपाय म्हणजे औषधी लेपाचा फुगा किंवा नवा औषधी स्टेंट. तिसरा बायपास, विशेषतः मधुमेह असेल आणि अनेक धमन्या खराब असतील तर. औषधी फुगा समजून घ्या, कारण तो किरणांचाच धाकटा भाऊ म्हणावा असा आहे. तो मिनिटभर भिंतीला टेकतो, औषध सोडतो आणि बाहेर येतो. धातूचा नवा थर नाही. युरोपच्या २०१८ च्या सूचनांत बंद पडलेल्या स्टेंटसाठी औषधी फुगा आणि औषधी स्टेंट दोन्हींना पहिली पसंती होती. बहुतेकांचे काम यातच भागते.

खर्चाची भीती बाळगून घरी बसू नका. फेब्रुवारी २०१७ पासून केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतींना कमाल मर्यादा घातली, तेव्हा औषधी स्टेंटची मर्यादा २९,६०० रुपये होती. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, हृदयरोग विभाग आहे, आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर ते नूतनीकरण करून ठेवा. आजार आल्यावर कार्डाची मुदत संपलेली सापडते, हे मी फार वेळा पाहिले आहे.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या?

डॉक्टरांनी लिहून दिलेत तितके दिवस, आणि त्यांनीच थांबवा म्हणेपर्यंत. किरण घेतले असतील तर दोन्ही गोळ्या किमान वर्षभर, बहुधा त्याहून जास्त.

एक रुग्ण सांगते. सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावचे, पोफळीच्या बागायतीत राबणारे. औषधी स्टेंट घालून चार महिने झाले होते. दाढ दुखायला लागली, दाढ काढायला गेले, तिथे सांगितले रक्त थांबायचे नाही, दोन्ही गोळ्या आठवडाभर बंद ठेवा. हृदयाच्या डॉक्टरांना कुणी फोन केला नाही. पाचव्या दिवशी पहाटे तीन वाजता १०८ ची रुग्णवाहिका त्यांना घेऊन आली. अंगातला बनियन घामाने चिकटलेला, हात बर्फासारखे, आणि माझे मनगट घट्ट धरून एकच विचारत होते, "सिस्टर, स्टेंट घातला होता ना?" पडद्यावर पाहिले तर स्टेंटच्या तोंडाशी रक्त थबकलेले, पुढे सगळा अंधार. गुठळी काढली, माणूस वाचला. पण हृदयाचा पुढचा भाग कायमचा दुबळा झाला. आता ते बागेत जातात ते खुर्ची घेऊन बसायला.

स्टेंटवरच्या औषधाने जखम भरणे लांबते, किरणांनी त्याहून जास्त लांबते. दात असो, मोतीबिंदू असो, चतुर्थीच्या गडबडीत गोळ्यांचे पाकीट संपलेले असो, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. दाढ बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनही काढता येते.

पायाच्या धमनीला किंवा डायलिसिससाठी हातात केलेल्या रक्तवाहिन्यांच्या जोडाला हे किरण देतात का?

देऊन पाहिले. मांडीच्या धमनीसाठी व्हिएन्नामध्ये बऱ्याच चाचण्या झाल्या आणि सुरुवातीचे निकाल आशादायक होते. पण तिथेही औषधी फुगा आणि औषधी स्टेंट आल्यावर किरण मागे पडले. डायलिसिसच्या जोडासाठी ते रूढ झाले नाहीत.

धमनी पुन्हा अरुंद होत आहे हे ओळखायचे कसे?

पहिल्या वेळी जो त्रास झाला होता तोच बहुधा परत येतो. कुणाला जबडा भरून येतो, कुणाला डावा दंड जड होतो, मधुमेही माणसाला फक्त धाप लागते. कालपर्यंत पणजीतल्या आल्तिनोचा चढ न थांबता चढत होता आणि आज मध्येच उभे राहावेसे वाटते, तर ते वयावर ढकलू नका. भावोजींच्या बाबतीत खूण एकच होती : बसची पायरी चढून स्टिअरिंगला बसल्यावर पहिली दोन मिनिटे ते गाडी सुरू न करता नुसते बसून राहायचे. वाहकाच्या ते आधी लक्षात आले, घरच्यांच्या नंतर. आणि बसल्या जागी छाती आवळून घाम फुटला तर ओआरएस, सोडा, इनो यांत वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात ईसीजी निघतो.

कोणते कागद जपून ठेवायचे?

डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीची सीडी आणि स्टेंटचे कार्ड. स्टेंटच्या कार्डावर त्याची लांबी, रुंदी, क्रमांक आणि तारीख असते. पुढच्या डॉक्टरांना फुग्याचा आकार ठरवायला तेच लागते. कुणी परदेशात किंवा बाहेरगावी किरणांचा उपचार घेऊन आले असेल तर कोणता किरणस्रोत, किती ग्रे, धमनीचा कोणता भाग आणि कोणती तारीख हे लेखी मागून घ्या, कारण त्याच जागेला पुन्हा किरण देण्याचा विचार झाला तर जुना डोस हिशेबात धरावा लागतो.

ताई हे सगळे एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाच्या डब्यात ठेवते. पावसाळ्यात पिशवीत तांदळाची पुरचुंडी असते, सीडीला बुरशी लागू नये म्हणून.